मुलांना स्वतःहून वाचावंसं वाटावं यासाठी तुम्ही काय करता?

शाल्मली

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला वाचता येतं, धड्यावरचे प्रश्न नीट सोडवते, शुद्धलेखनही चांगलं आहे. पण अवांतर वाचन म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. घरात गोष्टींची पुस्तकं भरपूर आहेत. काही भेट आलेली, काही मी हौसेने आणलेली. बहुतेकांची पहिली पाच-सहा पानं वाचून झाली आहेत, पुढे गाडी गेलेली नाही.

लहान असताना आम्ही तिला रोज झोपताना वाचून दाखवायचो. "अजून एक गोष्ट" हा हट्ट संपायचा नाही. ती स्वतः वाचायला लागल्यावर ते आपोआप थांबलं. आता रोज वीस मिनिटं वाचनाची ठरवलेली आहेत. ती बसते, मधूनमधून घड्याळ बघते आणि वेळ झाली की पुस्तक मिटून उठते. कुठवर वाचलं याची खूणसुद्धा ठेवत नाही. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटतं. पुढे काय झालं हे तिला जाणून घ्यायचंच नसतं.

माझी बहीण म्हणते, भिंतीवर तक्ता लाव, पुस्तक संपलं की एक चांदणी आणि दहा चांदण्या झाल्या की बक्षीस. करून बघावं का?

एक स्पष्ट करते. गुण वाढावेत म्हणून मी हे विचारत नाहीये. मला आयुष्यात पुस्तकांनी फार सोबत केली आहे, अगदी वाईट दिवसांतही. ती सोबत तिलाही मिळावी असं वाटतं. ज्यांची मुलं उशिरा वाचायला लागली, त्यांचे अनुभव खास करून वाचायला आवडतील.

निनाद

तक्ता लावू नका, असं माझं ठाम मत आहे.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. सगळी मुलं चित्रं काढायची आवड असलेली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत की प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळी रंगीत पेनं ठेवली आणि कोण आपणहून चित्रं काढतंय ते पाहिलं. आधीपासून बक्षिसाची कल्पना असलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

म्हणजे खोट वस्तूत नव्हती, "हे केलंस तर ते मिळेल" या अटीत होती. आपण ज्या गोष्टीसाठी मोबदला देतो ती कष्टाचीच असणार, एवढं लहान मूलही ओळखतं.

ऊर्जा

निनाद, प्रयोग मला माहीत आहे, पण त्यातली मुलं मुळात चित्रांची आवड असलेली होती ना? ज्याला आवडच नाही त्याची आवड कमी कशी होणार?

आमच्याकडे सुरुवात बक्षिसानेच झाली. मोठा मुलगा पुस्तकाला हात लावायचा नाही. चार पुस्तकं बक्षिसासाठी वाचली, पाचवं त्याला खरंच आवडलं आणि त्यानंतर तक्ता कुठे गेला हे त्याच्याही लक्षात राहिलं नाही. धाकटीला मात्र हाच प्रकार अजिबात लागू पडला नाही. ती सगळ्यात पातळ पुस्तकं शोधून चांदण्या गोळा करू लागली, म्हणून बंद केला.

माझं म्हणणं एवढंच की एकदम पाप केल्यासारखं त्याकडे बघू नये.

निनाद

मुद्दा बरोबर आहे. पहिला उंबरठा ओलांडण्यापुरतं बक्षीस, तेही लवकर विरून जाणारं, हे मला मान्य आहे. पण शाल्मलींच्या मुलीला एके काळी गोष्टींची ओढ होती. तिथे मी हा धोका पत्करणार नाही. द्यायचंच तर पुढचं पुस्तक द्यावं, किंवा झोपायची वेळ थोडी पुढे ढकलून "वाचणार असशील तर दिवा चालू ठेव" अशी मुभा द्यावी.

मृण्मयी_द

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आवड कशी लावायची याच्या आधी एक तपासून घ्या: तिला वाचणं खरंच सोपं जातं का?

"वाचता येतं" यात बरंच काही दडून राहतं. धडा वर्गात आधी ऐकलेला असतो, शिक्षकांनी समजावलेला असतो, प्रश्नांची उत्तरं कुठे सापडतात हेही मुलांना कळलेलं असतं. कोरं पुस्तक हातात घेतलं की यातला एकही आधार नसतो. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी वाचनाची एक सोपी मांडणी केली: अक्षरांवरून शब्द ओळखणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींतलं एक जरी शून्याच्या जवळ असलं तरी उत्तर शून्याच्या जवळच जातं. माझ्या वर्गात अशी मुलं असतात जी कुठलीही गोष्ट ऐकून छान समजतात, पण शब्द ओळखण्यातच एवढी दमतात की ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. असं मूल "मला जमत नाही" असं सहसा सांगत नाही. "कंटाळवाणं आहे" असं सांगतं.

तिला न वाचलेल्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि मधे दुरुस्त करू नका. पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने म्हणते का? ओळ चुकते का? जोडाक्षर आलं की थांबते का? विरामचिन्हं गिळून एका सुरात वाचते का? वाचल्यावर डोकं दुखतं, अक्षरं दोन-दोन दिसतात असं म्हणत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. डिस्लेक्सिया, म्हणजे लिहिलेले शब्द ओळखणंच सतत जड जाणं, हा मात्र डोळ्यांचा आजार नव्हे. तसा संशय असेल तर त्यातल्या तज्ज्ञांकडूनच तपासणी करून घ्यावी लागते आणि जितकी लवकर मदत मिळेल तितकं मुलासाठी बरं.

हे आधी का सांगते? कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली दाखवून दिलं की ज्याला वाचणं सोपं जातं तो जास्त वाचतो, जास्त वाचल्याने ते आणखी सोपं होतं, आणि ज्याला जड जातं तो टाळतो व आणखी मागे पडतो. पुढे २०१८ साली एल्स्ये व्हान बर्गेन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या हजारो जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, साधारण सात वर्षांच्या. त्या वयात मूल किती वाचतं हे त्याला किती चांगलं वाचता येतं यावर ठरत होतं, उलट दिशेने परिणाम फारसा दिसला नाही. म्हणजे अडखळणाऱ्या मुलाला "वाच, वाच, मग येईल" असं म्हणत राहणं पुरेसं नाही. त्याला वाचायला शिकवावं लागतं, शांतपणे, न हिणवता.

आणि मोठ्याने वाचायचा सराव करायचाच असेल तर चुका न काढणारा श्रोता द्या. धाकटं भावंड चालेल. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९९ साली मुलांनी कुत्र्यांना पुस्तक वाचून दाखवायचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे खूप ठिकाणी पसरला. कुत्रा शांत बसून ऐकतो, "परत म्हण" म्हणत नाही.

शाल्मली

मृण्मयीताई, खूप आभार. आज पान वाचून घेतलं. शब्द नीट वाचते, अंदाजाने म्हणत नाही. वेग बरा आहे. डोळे नुकतेच तपासले होते, ठीक आहेत. पण वाचून झाल्यावर "मग काय झालं?" विचारलं तर तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, "पण मला त्या मुलाचं काही वाटतच नाही."

मृण्मयी_द

मग तिने तुम्हाला फार मोलाची गोष्ट सांगितली. वाचनाची यंत्रणा चालू आहे, पुस्तक चुकलंय. आता ग्रंथपालकाकांनी बोलावं.

ग्रंथपालकाका

आलो. आयुष्यभर सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात काम केलं आहे, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

शाल्मलीताई, तुमच्या धाग्यातली एक ओळ माझ्या मनात राहिली. काही पुस्तकं भेट आलेली, काही तुम्ही आणलेली. तिने स्वतः निवडलेलं एक तरी आहे का?

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि तिसरा म्हणतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मी सगळी वर्षं हेच दोन नियम डोळ्यांसमोर ठेवून काम केलं. "मला वाचायला आवडत नाही" म्हणणारं मूल माझ्याकडे आलं की मी त्याला पुस्तकाचं विचारायचोच नाही. तू शेवटचा खूप हसलास कधी, तुला कशाची भीती वाटते, कुठल्या गोष्टीबद्दल तू मित्रांशी तासभर बोलू शकतोस, असं विचारायचो. मग पाच-सहा पुस्तकं टेबलावर पसरायचो आणि तिथून निघून जायचो. हे निघून जाणं महत्त्वाचं. मोठं माणूस शेजारी उभं असेल तर मूल त्या माणसाला आवडेल ते उचलतं.

त्या पाच-सहांत सगळ्याच कादंबऱ्या कधीच नसायच्या. एखादं माहितीचं, भरपूर आकृत्यांचं. एखादं कॉमिक्स. एखादं कोड्यांचं किंवा विक्रमांचं, कुठलंही पान उघडून वाचता येईल असं. एखादी मालिकेतली पहिली गोष्ट. मालिकांना मोठी माणसं नावं ठेवतात, पण नव्या वाचकाला त्यांचा केवढा आधार असतो बघा. कुठल्याही कादंबरीची पहिली दहा पानं सगळ्यात अवघड असतात, कारण सगळेच अनोळखी: माणसं, जागा, लेखकाची बोलायची पद्धत. मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात ही दहा पानं आधीच ओलांडलेली असतात. तुमची मुलगी नेमकी पाचव्या-सहाव्या पानावर थांबते आहे.

अवघडपणा बघायला आम्ही मुलांना एक साधी पद्धत शिकवायचो. मधलं एखादं पान उघड, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमड. पाचही बोटं दुमडली तर सध्या हे एकट्याने वाचायला जड आहे. मात्र हे मुलाच्या हातातलं साधन आहे, त्याला अडवायचा नियम नव्हे. डायनोसॉरचं वेड लागलेलं सात वर्षांचं पोर दहा बोटांचं पुस्तकसुद्धा झटून वाचतं, मी पाहिलंय.

आणि सोडून द्यायची परवानगी. १९९२ साली दानिएल पेनाक या फ्रेंच लेखक-शिक्षकाने वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यांतला पहिलाच न वाचण्याचा आहे. पानं गाळण्याचा आहे, अर्धवट सोडण्याचा आहे, पुन्हा वाचण्याचा आहे, काहीही वाचण्याचा आहे. आपण मोठी माणसं हे सगळे हक्क रोज बजावतो. मुलांना मात्र "घेतलंस ना, मग संपव" म्हणतो. ज्याला माहीत आहे की आवडलं नाही तर ठेवून देता येईल, तोच अनोळखी पुस्तक उघडायला धजावतो.

केदार

काकांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. माझा अकरा वर्षांचा मुलगा फक्त फुटबॉलवरचं वाचतो. खेळाडूंची चरित्रं, सामन्यांची वर्णनं, डावपेचांच्या आकृत्या. शाळेत त्याची गणना "वाचनात कमजोर" मुलांत होते आणि घरी तो मोठ्यांसाठी लिहिलेले फुटबॉलवरचे लेख वाचून मला समजावतो.

यावर संशोधनही आहे. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची समजली जाणारी पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा ते कितीतरी चांगलं समजली. ज्या विषयाचं आधीच काही माहीत आहे तिथे मूल सगळ्यात चांगला वाचक असतं. सुरुवात तिथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

अवनीश

थोडा वेगळा सूर लावतो. काहीही वाचलं तरी चालेल, हे मला पूर्ण पटत नाही. भाषेची समृद्धी, गुंतागुंतीची माणसं, दुसऱ्याच्या मनात शिरून जगणं हे सगळं चांगल्या साहित्यातूनच मिळतं. फुटबॉलचे आकडे आणि कॉमिक्स वाचून मूल तिथेच राहिलं तर? आपण फक्त हातात पुस्तक दिसावं एवढ्यावरच समाधान मानायचं का?

केदार

अवनीश, प्रश्न योग्य आहे. पण "तिथेच राहिलं तर" ही भीती बाळगून आपण "तिथे" जाऊच दिलं नाही, तर मूल कुठेच पोहोचत नाही. कॉमिक्समध्येही चित्र आणि मजकूर एकत्र जुळवून, दोन चौकटींच्या मधे काय घडलं ते स्वतः भरून काढावं लागतं. ते वाचनच आहे.

ग्रंथपालकाका

दोघांचंही खरं आहे. मुलाची निवड मानली म्हणजे आपण पुढचं काही सुचवायचंच नाही असं थोडंच आहे! मी काय करायचो ते सांगतो. मूल जे वाचतंय त्याच्या अगदी शेजारचं पुस्तक सुचवायचं. फुटबॉलच्या चरित्रांनंतर एखाद्या संघातल्या मुलांची गोष्ट. तिथून मैत्री तुटण्याची गोष्ट. प्रत्येक वेळी एकच पाऊल, आणि नाही म्हटलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही. "याच्यापेक्षा जरा चांगलं वाच" हे वाक्य मात्र कधी उच्चारू नका. त्यात मुलाला एवढंच ऐकू येतं की मला आवडलं ते हलकं होतं.

दुसरं, शाल्मलीताईंच्या मुलीचं वाक्य पुन्हा वाचा: "मला त्या मुलाचं काही वाटतच नाही." अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली लिहिलं होतं की मुलांना पुस्तकांत आरसेही हवेत आणि खिडक्याही. स्वतःसारखं कुणीतरी दिसावं आणि दुसऱ्यांचं जगही दिसावं. ज्या मुलाला कित्येक पुस्तकांत आपल्यासारखं कुणी भेटलेलंच नाही, त्याला पुस्तक ही दुसऱ्या कुणासाठी असलेली वस्तू वाटू लागते. तिला कशाचं काही वाटतं, तेवढं शोधा.

आभा

मी एकच गोष्ट आग्रहाने सांगणार आहे. शाल्मली, तुम्ही लिहिलंत की ती स्वतः वाचायला लागल्यावर वाचून दाखवणं थांबलं. ते पुन्हा सुरू करा. आजच.

जवळपास प्रत्येक घरात हे याच वयाला थांबतं, आणि नेमकी तीच वेळ नाजूक असते. सहा-सात वर्षांचं मूल ऐकून जे समजतं ते स्वतः वाचून समजण्याच्या कितीतरी पुढे असतं. कान गुंतागुंतीच्या गोष्टींना सरावलेले, आणि स्वतः वाचायला मिळतं ते चार-चार शब्दांच्या वाक्यांचं. हे अंतर भरून यायला बहुतेकांना तेरा-चौदा वर्षांचं व्हावं लागतं. मधल्या काळात मोठ्या, खोल, रहस्यमय गोष्टी मुलाला कुणाच्या तरी आवाजातूनच मिळू शकतात. आपण आवाज काढून घेतला की उरतं ते फक्त सरावाचं वाचन.

शब्दांचंही बघा. डोनाल्ड हेस आणि मार्गारेट अहरेन्स यांनी १९८८ साली मोजदाद केली होती. मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे ३१ दुर्मीळ शब्द निघाले आणि पदवीधर मोठ्या माणसांच्या आपापसातल्या गप्पांत सुमारे १७. ही आकडेवारी इंग्रजीची आहे, पण घरातल्या बोलण्यात न येणारे शब्द पुस्तकातच भेटतात हे कुणालाही सहज पडताळून बघता येईल.

माझ्या मुलाला मी तो मिशीची रेघ फुटेपर्यंत वाचून दाखवलं. आम्ही आळीपाळीने वाचायचो. एक युक्ती सांगते: प्रकरणाच्या मध्यावर, अगदी उत्कंठेच्या जागी थांबा, "आज मला झोप येतेय" म्हणा आणि पुस्तक तिच्या उशाशी ठेवून जा. काही म्हणू नका. मुलं आपोआप उचलतात. पहिल्या रात्री नसेल उचललं तरी चालेल.

तेजस्विनी

आभाताईंना +१. ऐकायची पुस्तकंही चालतात. प्रवासात, चित्र काढताना, केस विंचरताना. गोष्टीची भूक जिवंत राहिली पाहिजे, डोळ्यांतून की कानांतून हा प्रश्न नंतरचा.

मोबाइलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पडद्यावरचं सगळं इतकं चटकन मिळतं की त्याच खोलीत, त्याच वेळी पुस्तक ठेवलं तर पुस्तक हरणारच. आमच्याकडे झोपायच्या खोलीत मोबाइल कुणाचाच नसतो, आमचाही नाही. बंदी म्हणून सांगितलं नाही, सगळ्यांनीच बाहेर ठेवायला सुरुवात केली. तिथे करायला दुसरं काही नसलं की पुस्तक उघडलं जातं. मुलांना थोडा रिकामा वेळ हवा, शिकवण्यांनी न भरलेला. कंटाळा आल्याशिवाय मूल पुस्तकापर्यंत जातच नाही.

विश्राम

धागा फार चांगला चालला आहे. आमच्या घरी वेगळाच प्रश्न. मुलीला वाचायला आवडतं, पण घरातली मोठी माणसं म्हणतात, "त्या गोष्टींच्या पुस्तकांत डोकं खुपसून अभ्यास बुडतोय." त्यांना काय सांगावं?

निनाद

पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. २००० सालच्या चाचणीच्या विश्लेषणात दिसलं की पालकांचे व्यवसाय सगळ्यात खालच्या स्तरातले, पण वाचनात मनापासून रमणारी मुलं, वरच्या स्तरातल्या पण वाचनाची आवड नसलेल्या मुलांपेक्षा वाचनचाचणीत पुढे होती. आवडीमुळेच गुण मिळाले असं यावरून थेट सिद्ध होत नाही, आधीच चांगलं वाचणारी मुलं जास्त रमत असतील, मृण्मयीताईंनी वर लिहिलंच आहे. पण "बुडतोय" म्हणायला तर काहीच आधार नाही.

सिद्धी

मी इथे नेहमी फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मी एकोणीस वर्षांची आहे आणि चौदाव्या वर्षापर्यंत एकही पुस्तक मनापासून वाचलं नव्हतं, म्हणून वाटलं की मुलांच्या बाजूने कुणीतरी लिहावं.

मला पुस्तकं आवडत नव्हती असं नव्हतं. मला पुस्तकानंतरचं आवडायचं नाही. घरी कुठलंही पुस्तक संपलं की विचारायचे, काय शिकलीस? बोध काय? सारांश सांग बघू. शाळेत तर प्रत्येक पुस्तकावर टिपण लिहायला लागायचं: लेखक, आवडलेलं पात्र, का आवडलं, पाच नवे शब्द. त्यामुळे वाचतानाच माझ्या मनात पुढच्या प्रश्नांची तयारी चालू असायची. एखादा प्रसंग वाचून पोटात कालवलं तरी आधी वाटायचं, हे टिपणात कसं लिहू? खूप वेळा मला जे वाटलं ते शब्दांत सांगण्यासारखं नसायचंच, आणि ते कुणाला सांगायचंही नसायचं.

मग मामाकडे राहायला गेले असताना त्याच्या कपाटातलं एक जुनं जाडजूड पुस्तक काढलं. त्याने बघितलं, काही बोलला नाही. दोन दिवसांनी जाता जाता एवढंच म्हणाला, "बेटावर पोहोचलीस का?" मी नाही म्हटलं तर म्हणाला, "मग मी काही बोलत नाही." बस. मी रात्रभर वाचत बसले, कारण त्या बेटावर काहीतरी होतं आणि ते त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं. तो माझी परीक्षा घेत नव्हता, तो ते पुस्तक वाचलेला आणखी एक माणूस होता.

काकू, तिला "मग काय झालं?" असं विचारू नका ना. तुम्ही तेच पुस्तक वाचा आणि तुम्हाला काय वाटलं ते सांगा. तिला बोलायचं असेल तर बोलेल.

आभा

सिद्धी, लिहीत राहा गं. या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुझा आहे.

मृण्मयी_द

सिद्धी, मी वर्गात टिपणं लिहून घेते. मुलांनी वाचलंय हे मला कळायला हवं असतं, म्हणून. तुझं वाचल्यावर ठरवलंय की आठवड्यातली एक तासिका अशी ठेवायची जिच्यावर काहीही लिहायचं नाही आणि मीही वर्गात बसून माझं पुस्तक वाचायचं. ज्याला सांगावंसं वाटेल त्याने शेवटी उभं राहून सांगावं.

ऊर्जा

एक विचारू का? घरात दोन भाषा असतील, शाळेची वेगळी आणि घरची वेगळी, तर आवडीचं वाचन कुठल्या भाषेत असावं? आमची धाकटी घरच्या भाषेत बोलते उत्तम, वाचायला मात्र तोंड फिरवते.

मृण्मयी_द

मूल ज्या भाषेत हसतं, तीत आधी. पण तुमच्या धाकटीचं वेगळं आहे, तिला घरची भाषा समजते आणि अक्षरांचा सराव नाही. तिथे तिच्या वयापेक्षा लहान मुलांची पुस्तकं देऊ नका, तिला ते कमीपणाचं वाटेल. कॉमिक्स, विनोद, कोडी, चित्रांखालच्या ओळी, तुम्ही तिला लिहिलेल्या चिठ्ठ्या असं द्या: मजकूर थोडा, विषय तिच्या वयाचा. आणि त्या भाषेतल्या मोठ्या गोष्टी तुम्ही वाचून दाखवा. एका भाषेत लागलेली गोष्टींची ओढ दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते.

शाल्मली

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. तुम्ही एवढ्या मनापासून लिहिलंत, तर पुढचं कळवायलाच हवं.

वीस मिनिटांचा नियम काढून टाकला. तिने विचारलं, "म्हणजे वाचायचं नाही?" म्हटलं, वाटलं तर वाच. पहिल्या काही दिवसांत तिने खरंच काहीही वाचलं नाही आणि मला ते फार जड गेलं. तक्ता केला नाही. रात्री वाचून दाखवणं पुन्हा सुरू केलंय. आधी म्हणाली, "मी काय लहान आहे का?", पण उठून गेली नाही. आता "आज वाचणार आहेस ना?" असं तीच विचारते. उत्कंठेच्या जागी थांबायची युक्ती केली. तिने पुस्तक उचललं नाही, दिवसभर मला "सांग ना पुढे काय होतं" म्हणत राहिली. पण तिला पुढचं जाणून घ्यायचंय, आणि मला सध्या तेवढंही खूप वाटतं.

ग्रंथालयात नेलं आणि काका म्हणाले तसं तिला सोडून मी दुसरीकडे जाऊन बसले. तिने निवडलं काय, तर खोल समुद्रातल्या प्राण्यांवरचं एक पुस्तक. मला कधीच सुचलं नसतं. ते ती क्रमाने वाचत नाही, कुठलंही पान उघडते आणि मला येऊन सांगते. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, ही बातमी घरात येणाऱ्या प्रत्येकाला मिळाली आहे. परत करायची तारीख आली तेव्हा पुन्हा तेच मागून घेतलं.

गोष्टीचं पुस्तक मात्र अजून एकटीने वाचत नाही. काका, इथून पुढे काय?

ग्रंथपालकाका

आधी तेच पुस्तक तिसऱ्यांदा हवं असेल तर आणू द्या. पारायण करणारी मुलं पक्की वाचक होतात, माझा अनुभव आहे.

मग शेजारचं पाऊल. समुद्राच्या तळाशी उतरलेल्या माणसांच्या खऱ्या हकिकती शोधा. १९६० साली झाक पिकार आणि डॉन वॉल्श एका पाणबुडी यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ अकरा किलोमीटर खोल गेले होते. त्या प्रवासात खिडकीच्या काचेला तडा गेला होता आणि तरी ते उतरत राहिले. ही माहिती आहे आणि गोष्टही आहे. बालविभागात विचारा, शोधमोहिमांवरची पुस्तकं वेगळ्या कपाटात असतात. दोन-तीन आणा, तिला दिसतील अशी ठेवा, त्यातलं एक स्वतः वाचायला घ्या. आणि तुम्हाला ऑक्टोपसबद्दल काही शंका असतील तर तिलाच विचारा, तिने पुस्तकात शोधून सांगू दे.

शाल्मली

तडा गेला होता?! हे आज रात्रीच सांगते. आणि तळाशी पोहोचल्यावर त्यांना काय दिसलं, तिथे थांबते.